कुठं बघून वाजवायचं

जळगाव-धुळ्याकडच्या पोरांचे मला मेसेज येत असतात. दादा, ऑक्टोपॅड (काठीनं वाजवायचं इलेक्ट्रॉनिक पॅड) घेऊ का आधी तबला शिकू. दादा, मुंबईत एका शोचे किती भेटतात. दादा, लग्नाच्या बँडमध्ये वाजवतो हे तिकडं सांगू का नको. हा शेवटचा प्रश्न वाचला की माझं डोकं फिरतं, त्या पोरावर नाही, ज्यानं कोणी त्याच्या डोक्यात हे भरवलं त्याच्यावर. कारण मी आज जे काही वाजवतो, स्टुडिओत, नाटकाला, टीव्हीच्या कार्यक्रमाला, त्यातलं निम्मं तरी मला वरातीनं शिकवलंय आणि ते मी कुठंच लपवत नाही. दरवेळी फोनवर तेच तेच सांगणं होत नाही म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो, लांबलं तर लांबलं.

आमचं गाव अमळनेर तालुक्यात, बोरी नदीच्या अंगाला. नदी म्हणायचं, पाणी पावसाळ्यातच. आप्पांची थोडी कोरडवाहू जमीन, कापूस आणि ज्वारी, बाकी दुसऱ्याच्या शेतात काम. घरात वाद्य एकच, आबांचा म्हणजे माझ्या आजोबांचा मृदंग, तो खुंटीला टांगलेला असायचा आणि आम्हा पोरांना त्याला हात लावायची परवानगी नव्हती. परवानगी होती ती फक्त कणीक मळायची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, मृदंगाच्या उजव्या तोंडाला कायमची शाई असते पण डाव्या तोंडाला दर वेळी वाजवायच्या आधी ओल्या कणकेचा गोळा थापावा लागतो, त्यानं आवाज खाली येतो, घुमायला लागतो, आणि भजन संपलं की ती खरवडून काढायची, नाही काढली तर चामडं खराब होतं. हे ऐकायला सोपं वाटतं. कणीक घट्ट झाली तर अभंग रंगात आला की तिचे तुकडे उडतात, सैल झाली तर चामडं भिजून आवाज बसतो, कमी लावली तर डग्गा बोलतच नाही, जास्त लावली तर गुदमरतो. आबा एक थाप मारायचे आणि नुसती मान हलवायचे, मग मी नखाएवढी कणीक काढायचो, परत थाप, परत मान. कान तयार होणं म्हणतात ते माझं तिथं झालं, वाजवायला लागायच्या कितीतरी आधी. माय मात्र चिडायची, आमच्याकडं रोजचं जेवण म्हणजे भाकरी, गहू सणासुदीला, त्यामुळं "पाव्हनासले पोया कराले पीठ नही, आनि तुम्हना मुरदुंग गहू खाई ऱ्हायना" हे वाक्य दर एकादशीला ठरलेलं. काढलेली कणीक गायीला जायची, तेवढंच मायचं समाधान.

वाजवायचं ते तेलाच्या रिकाम्या डब्यावर, पत्र्याच्या पेटीवर, शाळेत बाकावर. बाकावर वाजवल्याबद्दल मार खाल्लेला नाही असा वादक मला अजून भेटलेला नाही. पुढं आबांनीच एक दिवस मृदंगावर बसवलं आणि पहिली गोष्ट सांगितली ती बोलांची नाही, तालाची पण नाही. म्हणाले, "हातकडे देखू नको, बुवानी मान देख." बुवा म्हणजे मंडळात चाल सांगणारे. वर चढायच्या आधी त्यांच्या मानेची शीर फुगायची, श्वास घेताना खांदे किंचित उचलायचे, तेवढ्यात आपला हात तयार पाहिजे. हे जे "कुठं बघायचं" आहे ना, ते पुढं माझ्या प्रत्येक कामात बदलत गेलं आणि खरं सांगतो, माझं सगळं शिक्षण एवढंच आहे.

वैशाखात अमळनेरला सखाराम महाराजांची यात्रा भरते, बोरीच्या कोरड्या पात्रात, एकादशीला रथ आणि पौर्णिमेला पालखी. आबा मला न्यायचे. तिथं एकेका दिंडीचा मृदंग ऐकत मी फिरायचो, दोन दिंड्या जवळ आल्या की दोन लयी एकमेकीत घुसायच्या आणि दोघंही वादक आपापली लय सोडायचे नाहीत, त्या मधल्या जागेत उभं राहिलं की डोकं गरगरायचं. मला ती जागा फार आवडायची. बाकीची पोरं पाळण्यात बसायची.

दुसरी शाळा कानबाईची, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या उत्सवाची. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, घरोघरी नैवेद्याचे रोट होतात, रात्रभर जागर, बायांची गाणी, फुगड्या, आणि सोमवारी नदीवर विसर्जनाची मिरवणूक. मिरवणुकीत डफडं असायचं. श्रावणाच्या दमट हवेत चामडं ढिलं पडतं, म्हणून वाजवणारे काका दर थोड्या वेळानं थांबून कागद, काडीकचरा पेटवायचे आणि त्यावर डफडं शेकायचे, बोटानं टिचकी मारून बघायचे, अजून नाही, अजून नाही, आणि मग एकदम तो आवाज यायचा, कडाड. शेकायचं कुठपर्यंत हे पण ज्ञान आहे, दोन मिनिटं जास्त झाली की चामडं फाटलं. या काकांना गावानं कधी वादक म्हटलं नाही. मिरवणूक त्यांच्याशिवाय निघायची नाही पण जेवायला त्यांना बाजूला बसवायचे, हे मी डोळ्यांनी बघितलंय, आणि आज फ्युजनच्या स्टेजवर तेच वाद्य आलं की लोक उभं राहून टाळ्या वाजवतात. असो, यावर लिहायला बसलो तर दुसरंच होईल.

दहावी झाल्यावर आप्पांनी आयटीआयला घातलं, वायरमन. त्यांचं म्हणणं सरळ होतं, "ढोलकं वाजाडीसन पोट भरस का रे?" त्यांना मी दोष देत नाही, आमच्या आजूबाजूला ढोलकं वाजवून पोट भरलेलं एकही उदाहरण नव्हतं. पण आयटीआयमुळंच मी बँडमध्ये गेलो, कारण खानदेशातला बँड आता नुसता चालत वाजवायचा बँड राहिलेला नाही, मागं गाडी असते, गाडीवर जनरेटर, साउंड, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, गाणारा, आणि एवढ्या वायरी म्हटल्यावर कुठं ना कुठं काहीतरी जळणारच. बँडच्या मास्तरांना वायरमन पाहिजे होता. मी म्हटलं वायरी बघतो पण वाजवायला द्या. त्यांनी खुळखुळा दिला.

हसू नका. खुळखुळा वाजवणारा सगळ्यात स्वस्त गडी असतो हे खरं, पण तो बँडच्या बरोबर मधोमध चालतो. पुढं मास्तरांची क्लॅरोनेट, बाजूला कॉर्नेट, मागं ढोल, साइड ड्रम, झांज, आणि मला सगळ्यांचं सगळं ऐकू यायचं. हळूहळू साइड ड्रम आला, मग ढोलकी, मग गाडीवर चढलो तो ऑक्टोपॅडवर. लाल कोट, सोनेरी किनार, डोक्यावर टोपी, वैशाखातलं जळगावचं ऊन, पारा पंचेचाळीसकडं गेलेला, आणि दुपारी बाराचा मुहूर्त. खांद्याला पट्ट्यानं वळ पडायचे, बोटांना चिकटपट्ट्या. मोठी तिथ असली की एका दिवसात दोन-दोन लग्नं, सकाळी एक गाव, संध्याकाळी दुसऱ्या गावात हळद. सुपारी म्हणजे कामाचं बुकिंग घेताना मास्तर कोणालाच नाही म्हणायचे नाहीत.

आता वरात कशी वाजवतात ते जरा नीट सांगतो, कारण हे कुठल्या क्लासात शिकवत नाहीत. सुरुवात देवाच्या गाण्यानं, सावकाश, कारण अजून लोक चपला शोधत असतात. मग एखादं ओळखीचं अहिराणी, म्हणजे बाया पुढं येतात. पोरांचा घोळका तयार झाला की पावरी. सातपुड्यातल्या आदिवासींचं हे फुंकून वाजवायचं वाद्य, त्याची धून आता कीबोर्डवर वाजते, आणि आमच्याकडं पावरी सुरू झाली की म्हाताराही खुर्चीत बसून राहत नाही. आता खरी गंमत पुढं आहे. वरात मंडपाच्या दिशेनं सरकली पाहिजे, पण नाचणाऱ्या पोरांना सरकायचं नसतं. मागून मामा लोक ओरडत असतात, "अरे चाला रे, लगीनना टाइम व्हई गया!" पोरं ऐकत नाहीत. माइकवरून सांगून कोणी हलत नाही. हलवतो तो ढोलवाला. ठेका नाचाचा आहे तोवर माणूस जागेवर उड्या मारतो, तोच ठेका जरा मोकळा केला, मधले भरगच्च घाव काढून टाकले आणि चालीचा केला की पाय आपोआप पुढं पडतात, नाचणाऱ्याला कळतसुद्धा नाही की आपण चाललोय. वीस-पंचवीस पावलं सरकली की परत भरायचा. मास्तर क्लॅरोनेट जरा वर उचलून खूण करायचे, पण एकदा ते मला म्हणाले, "मना तोंडकडे काय देखस, त्यासना टाचा देख." नाचणाऱ्याच्या टाचा जमिनीवरून उचलायच्या बंद झाल्या की समजायचं पोरं दमली, आता जोर लावून उपयोग नाही, लय खाली घे, दम खाऊ दे, मग परत वर ने. आबांनी मान बघायला शिकवली, मास्तरांनी टाचा.

आणि हे सगळं रात्री दहाच्या आत. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, रात्री दहा ते सकाळी सहा स्पीकर बंद, त्यामुळं हळदीच्या रात्री शेवटच्या अर्ध्या तासात वाजवायचा जो वेग असतो तो जगात कुठं नसेल.

आयटीआय झालं, बारावी झाली, अमळनेरलाच बीएला प्रवेश घेतला, खरं म्हणजे युवारंगसाठीच घेतला. युवारंग म्हणजे आमच्या विद्यापीठाचा युवक महोत्सव, तेव्हा उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांची पोरं एका जागी येतात. आम्ही लोकवाद्यवृंद बसवला होता, संबळ, डफडं, ढोलकी, टाळ, पावरी. पावरी वाजवायला नंदुरबारकडचा एक मित्र होता आणि त्याला आमचं वाजवणं ऐकून हसू यायचं. म्हणायचा तुम्ही बँडवाले पावरीला पळवता. मग तो मला होळीला काठी गावी घेऊन गेला.

अक्कलकुवा तालुक्यातली काठीची राजवाडी होळी ज्यानं बघितली नाही त्यानं एकदा तरी बघावी. डोंगरातून लोक पायी येतात, अंगावर राखेचे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचे टोप, कमरेला दुधीभोपळे आणि घुंगरं बांधलेले बुध्या आणि बावा, आणि ढोल एवढे मोठे की मागचा माणूस दिसत नाही. रात्रभर वाजतं, होळी पेटते ती पहाटे. मी मोजायला लागलो. सवयच ती, चार की सहा की आठ मात्रा, सम म्हणजे पहिली मात्रा कुठं. थोड्या वेळानं मित्रानं माझी बोटं धरली, म्हणाला मोजू नको, पाय टाक. आणि पाय टाकल्यावर कळलं की इथं कोणी कोणाकडं बघतच नाहीये. ना मान, ना टाचा, ना खूण. एवढी माणसं, आणि लय सगळ्यांच्या मध्ये कुठंतरी ठेवलेली, कोणा एकाच्या हातात नाही. मुंबईत एखादा अरेंजर, म्हणजे गाण्याची वाद्यं बसवणारा, म्हणतो, "दादा, एक ट्रायबल ग्रूव्ह दे ना", तेव्हा मला ही रात्र आठवते आणि मी विचारतो, कुठला? पावरा आदिवासींचा वेगळा, भिल्लांचा वेगळा, कोकणा आदिवासींचा वेगळा. त्यांना तेवढा वेळ नसतो. त्यांना धाडधाड पाहिजे असते. देतो मी धाडधाड, पोट आहे, पण विचारतो नक्की.

तबला उशिरा आला. सगळे उलट सांगतात, आधी तबला मग बाकीचं, माझं तसं झालं नाही. सुरत-भुसावळ लाईनची पॅसेंजर पकडायची, अमळनेर ते जळगाव, गाडी वेळेवर आली तर तबल्याच्या सरांचा चहा मिळायचा, नाही आली तर थेट रियाज. पहिल्या दिवशी मी जे काही येत होतं ते सगळं वाजवून दाखवलं, जोरात. सर शांतपणे ऐकून म्हणाले, "तुझ्या हातात वरात आहे. ती चपलेसारखी बाहेर काढून ठेव, जाताना घालून जा." त्यांनी ती फेकून दे म्हटलं नाही हे मला फार नंतर कळलं. मग कित्येक महिने एकच कायदा, म्हणजे बोलांची ठरलेली रचना, धाधातिट, धाधातिन्ना, ताताति‍ट, धाधाधिन्ना, दुसरं काही नाही. बँडमध्ये खांद्यातून वाजवायचं असतं, तबल्यावर बोटाच्या पेरातून, आणि चाटेवरचा म्हणजे कडेचा ना आणि मैदानातला म्हणजे त्याच्या आतला तिं यांच्यात अंतर किती, बोटभर पण नाही, पण तेवढ्या अंतरात माझी दोन वर्षं गेली.

गंधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा दिल्या, प्रारंभिकपासून विशारदपर्यंत. पोरं विचारतात त्याचा उपयोग होतो का. स्टुडिओत कोणी सर्टिफिकेट मागत नाही. पण हातावर टाळी-खाली देत बोल तोंडानं म्हणायचे, कायदा लिहून काढायचा, यानं झालं काय की आतापर्यंत जे नुसतं हातात होतं ते डोक्यात आलं, आणि डोक्यात आलेलं दुसऱ्याला सांगता येतं. अडचण एकच, मंडळाचं एक सत्र एप्रिल-मे मध्ये, म्हणजे भर लगीनसराई. हळद वाजवून सुजलेल्या हातानं पेशकार वाजवलाय मी परीक्षेत. जानेवारीत जळगावला बालगंधर्व संगीत महोत्सव होतो, तिथं मी अशा कडेला बसायचो की तबलजीचा चेहरा दिसेल. हात नाही, चेहरा. विलंबित ख्यालात तबलजी काय करतो हे बघायला गेलात तर काहीच करत नाही, नुसता ठेका, आणि नजर गायकावर खिळलेली. ते "काहीच न करणं" मला आजही पूर्ण जमत नाही.

मुंबईला आलो ते युवारंगच्याच एका मित्रामुळं, तो लोककलेच्या कार्यक्रमात होता आणि त्यांना ढोलकीवाला हवा होता. जळगावहून रात्रीची अमरावती एक्सप्रेस, ढोलकी बर्थखाली, सकाळी सीएसएमटी. राहायला डोंबिवली, मावसभावाची खोली. ऑक्टोपॅड घेऊन सकाळच्या लोकलमध्ये चढायचा प्रयत्न माणूस एकदाच करतो, मग लगेजचा डबा शोधतो.

लावणीच्या कार्यक्रमात मी नाचणारीच्या पायाकडं बघून वाजवायला लागलो, टाचा बघायची सवय. बाजूला एक जुने ढोलकीवाले बसायचे, सगळं आयुष्य फडावर गेलेले. मध्यंतरात विडी ओढता ओढता म्हणाले, पाय काय बघतोस, पाय पडला म्हणजे तुला उशीर झाला, खांदा बघ, पाय पडायच्या आधी खांदा बोलतो. त्या दिवशी दुसऱ्या अंकात मी फक्त खांदा बघितला आणि तिची गिरकी आणि माझा तोडा एका जागी येऊन आदळले, तिनं पण वळून बघितलं. हे ढोलकीवाले आजोबा पुढं वारले, त्यांचं नाव कुठल्या पोस्टरवर मी कधी बघितलं नाही.

आणि मग स्टुडिओ. सगळ्यात अवघड. काचेच्या पलीकडं रेकॉर्डिस्ट, कानात हेडफोन, हेडफोनमध्ये टक टक टक टक. क्लिक. आत मी एकटा. मान नाही, टाचा नाहीत, खांदा नाही, बघायला कोणीच नाही. वरातीत लय चढत जाते, चढलीच पाहिजे, न चढवणारा ढोलवाला मार खाईल, आणि इथं गाणं ९६ च्या टेम्पोला सुरू झालं तर ९६ लाच संपायला पाहिजे. "दादा, पळताय," काचेपलीकडून. परत टेक. "दादा, पळताय." मग मी एक केलं, कोणाला उपयोग होईल म्हणून सांगतो. मोबाईलवर मेट्रोनोम, म्हणजे ठरलेल्या लयीची टक टक, लावायचा पण चारही मात्रांना नाही, फक्त समेला एक टक. ते जमलं की दोन आवर्तनांतून, म्हणजे तालाच्या दोन फेऱ्यांतून, एक. मग चार आवर्तनांतून एक. मधली मोकळी जागा तुमची, ती सरळ चालली का वाकडी हे पुढची टक आली की कळतं. स्टेशनहून खोलीवर जाताना पण कानात तेच, त्यावर पावलं टाकायची. काठीच्या मित्रानं सांगितलेलं, मोजू नको, पाय टाक, ते डोंबिवलीच्या फुटपाथवर कामाला आलं.

स्टुडिओतल्या बाकी गोष्टी पटकन सांगतो. एक ढोलकी घेऊन जाऊ नका, गाण्याची पट्टी बघून ढोलकी लावावी लागते, काळी एकची पांढरी चारला ओढली तर पुडी म्हणजे तोंडाचं चामडं ओरडतं नाहीतर फाटतं. हातातलं कडं, दोरा, अंगठी काढून ठेवा, माइक सगळं ऐकतो. मुख्य ठेका झाला की त्यावर खंजिरी, मग शेकर, मग घुंगरू, मग डफ, एकच माणूस थर चढवत जातो, याला आमच्या लाईनमध्ये साइड रिदम म्हणतात. आणि खुळखुळा, हो, तोच. एकसारखा शेकर चार मिनिटं धरून ठेवणारा माणूस मुंबईत कधी रिकामा बसत नाही.

ही लाईन जुनी आहे. हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात बोंगो, कोंगासारखी लॅटिन वाद्यं आणली त्यात कावस लॉर्ड यांचं नाव पहिलं घेतात, त्यांचा मुलगा केरसी लॉर्ड, आर. डी. बर्मन यांच्याकडचे होमी मुल्लन, तबल्याला मारुतीराव कीर. यांचे हात सगळ्या देशाच्या कानात आहेत आणि नावं विचारली तर शंभरातल्या चार जणांना सांगता येणार नाहीत. आज तौफिक कुरेशींनी आफ्रिकेतल्या जेंबे नावाच्या ढोलावर तबल्याचे बोल बसवले, ती वाट बघून माझ्यासारख्यानं जेंबे घेतला. माझी स्वतःची खटपट आता जेंबेवर संबळ बसवायची चालू आहे, जमलं की ऐकवीन.

३ फेब्रुवारीला तबल्याचे उस्ताद, झाकीर हुसेन यांचे वडील, अल्लारखांची बरसी म्हणजे पुण्यतिथीचा कार्यक्रम असतो, षण्मुखानंद हॉलला, दिवसभर जगभरातले तालवादक. झाकीर हुसेन होते तेव्हा मी तिथं गेलेलो आहे. वरच्या रांगेत बसून बघितलं, ते आपल्या तबल्याकडं जवळपास बघतच नव्हते. सारखं समोरच्याच्या तोंडाकडं, हसत, भुवया उडवत, पोरासारखे. १५ डिसेंबर २०२४ ला ते गेले तेव्हा आमच्या ग्रुपवर सगळ्यांनी त्यांच्या वेगाचे व्हिडिओ टाकले. मी एक टाकला ज्यात ते फक्त ठेका देत दुसऱ्याला ऐकतायत. दोन लाइक आले.

पैशाचं विचारता म्हणून सांगतो. बँडमध्ये रात्रीचे पैसे रात्री मिळायचे, गाडीच्या बोनेटवर मास्तर मोजायचे. मुंबईत काम मोठं, नाव मोठं, आणि पैसे कधी दोन महिन्यांनी, कधी फोन करून करून. कॉपीराइट कायद्यात २०१२ ला दुरुस्ती झाली, कलाकाराच्या रॉयल्टीचा हक्क कागदावर आला, पण साइड रिदमवाल्याचं नाव गाण्याच्या माहितीतच नसेल तर हक्क मागायचा कोणत्या तोंडानं. म्हणून नवीन पोरांना एकच सांगतो, रेकॉर्डिंग झालं की निघायच्या आधी तिथंच विचारा, माझं नाव कसं लिहिणार, स्पेलिंगसकट. लाजू नका. आणि लूप, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेले ठेक्याचे तुकडे, आल्यामुळं काम कमी झालंय हे पण खरं आहे. लायब्ररीत ढोलकीचे हजार लूप असतात, अरेंजर घरात बसून गाणं पूर्ण करतो. तरी बोलावतात. शेवटी गाणाऱ्यानं एखाद्या शब्दावर श्वास लांबवला तर लूप थांबत नाही, तिथं माणूस लागतो.

तर ऑक्टोपॅड का तबला या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नाही. जे हाताशी आहे ते वाजवा, आणि बँडमध्ये असाल तर छाती काढून सांगा. आप्पांना मी टीव्हीवर दिसलो तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, जेवण दिन्हं का त्यासनी. दिलं होतं.

मास्तरांचा बँड अजून चालू आहे. परवा फोन आला, ऑक्टोपॅडमध्ये टाकायला संबळाचे टोन रेकॉर्ड करून पाठव, बाजारात मिळतात ते पत्र्यासारखे वाजतात म्हणाले. मी म्हटलं मास्तर, याला स्टुडिओचं भाडं लागतं, पैसे? त्यावर ते म्हणाले, "तुले पहिला खुळखुळा कोनी दिन्हा व्हता रे?" यावर बोलायची सोय नाही. टोन करून ठेवलेत, पण मी पण एक अट घातलीय की गाडीवर टोन वाजला तरी खाली रस्त्यावर एक खरा संबळवाला चालला पाहिजे, त्याला पूर्ण बिदागी देऊन. ते म्हणतात कोट शिल्लक नाही. मी म्हटलं कोटाचे पैसे मी देतो, माप घ्या.